बी कुठला? बेडेकरांचा, की पेडेकरांचा?

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा. विषय वरवर किरकोळ वाटेल: फोनवर नावाचं स्पेलिंग कसं सांगावं. पण या किरकोळ गोष्टीपायी माझ्या आईची पेन्शन पाच महिने अडकली होती, म्हणून मला तो किरकोळ वाटत नाही.

आमचं आडनाव बेडेकर. महाराष्ट्रात याचा एक फायदा आहे. कुणी 'काय म्हणालात?' असं विचारलं की 'लोणचंवाले बेडेकर असतात ना, ते' एवढं सांगायचं. (नातं काही नाही. असतं तर ही पोस्ट लिहायला मी वेगळ्या खुर्चीत बसलो असतो.) समोरचा हसतो आणि बरोबर लिहून घेतो. पण हे चालतं ते मराठी माणसापुढे. फोनच्या पलीकडे लोणचं न खाल्लेला माणूस असला की आमची सगळी ओळख संपते.

बाबा गेले त्या वर्षी आईच्या फॅमिली पेन्शनचं काम मीच करत होतो. एका कार्यालयाच्या हेल्पलाइनवरून फोन आला, माहिती पडताळायची म्हणून. पलीकडे एक तरुण मुलगा, मागे पन्नास माणसांचा कलकलाट. 'सरनेम का स्पेलिंग बताइए.' मी सांगितलं, बी, ई, डी, ई... तो म्हणाला, 'पी?' मी म्हटलं, 'नाही हो, बी, बी!' तो म्हणाला, 'ओके सर, पी.' मला ऐकू आलं ते 'बी'. त्याला ऐकू गेलं ते 'पी'. दोघांचंही समाधान झालं आणि फोन ठेवला.

आई त्या दिवसापासून सरकारदरबारी 'पेडेकर' झाली. एकीकडे बेडेकर, दुसरीकडे पेडेकर, नाव जुळेना, पैसे थांबले. शेवटी सांगण्यात आलं की दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं प्रतिज्ञापत्र करून द्या. आई स्टॅम्पपेपरकडे बघत म्हणाली, '45 वर्षं या घरात बेडेकर म्हणून काढली. आता लिहून देऊ, की मी पेडेकरपण आहे?' तिने सही केली. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही, कारण स्पेलिंग सांगणारा मी होतो.

त्यानंतर मी या विषयाच्या मागे लागलो, आणि लक्षात आलं की ही चूक माझी किंवा त्या मुलाची नव्हतीच. ही चूक शंभराहून अधिक वर्षं जुनी आहे. तिच्यावर उपायही शोधून झालेला आहे. फक्त तो आपल्यापर्यंत कुणी पोचवलेला नाही.

इंग्रजी अक्षरांची नावं एकदा मोठ्याने म्हणून बघा. बी, सी, डी, ई, जी, पी, टी, व्ही. सगळ्यांचा शेवट 'ई'. फरक काय तो सुरुवातीच्या क्षणभराच्या आवाजात. आणि जुन्या टेलिफोनने नेमका तोच भाग मारला. फोनच्या तारेतून साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज पाठवायची पद्धत पडली. बोलणं समजायला तेवढं पुरतं, कारण वाक्यात संदर्भ असतो. पण 'स' आणि 'फ' यांच्यासारख्या ध्वनींमधला फरक बराचसा या पट्ट्याच्या वर असतो. म्हणून 'एस' आणि 'एफ' फोनवर एकसारखे ऐकू येतात. आणि सुट्या अक्षराला संदर्भ कुठला? 'मी उद्या बुण्याला जाणार' असं कुणी म्हणालं तरी आपण पुणे समजून घेतो. 'पी'चा 'बी' झाला तर सावरायला आजूबाजूला काहीच नसतं.

तारायंत्राच्या काळात हा प्रश्न नव्हता. मोर्समध्ये 'बी' आणि 'पी' यांचे कडकट्ट वेगळे. 1876 मध्ये बेलला टेलिफोनचं पेटंट मिळालं, माणसाचा आवाज तारेत शिरला आणि त्याच्याबरोबर हा घोळही शिरला.

पहिल्या महायुद्धात खंदकातले ब्रिटिश सिग्नलवाले यावर एक जुगाड वापरत. गोंधळ करणाऱ्या अक्षरांना त्यांच्याकडे टोपणनावं होती. ए म्हणजे 'ॲक', बी म्हणजे 'बिअर', डी म्हणजे 'डॉन', एम म्हणजे 'एमा', पी म्हणजे 'पिप', टी म्हणजे 'टॉक'. सकाळची वेळ 'ॲक एमा', दुपारनंतरची 'पिप एमा'. बेल्जियममधल्या पोपरिंगं गावात सैनिकांना विसावा म्हणून 1915 मध्ये 'टॅल्बट हाउस' उघडलं, त्याच्या आद्याक्षरांवरून त्याचं नाव पडलं 'टॉक एच'. विमानविरोधी तोफांना 'ॲक-ॲक' म्हणतात तेही इथूनच. म्हणजे तोफांच्या आवाजात माणसं एकमेकांना अक्षरं सांगत होती, आणि एक अक्षर चुकलं तर गोळा आपल्याच खंदकात पडेल याची त्यांना जाणीव होती.

युद्ध संपल्यावर प्रत्येकाने आपापला तक्ता काढला. 1932 च्या आंतरराष्ट्रीय तक्त्यात शहरांचा भरणा होता: ॲमस्टरडॅम, बाल्टिमोर, कॅसाब्लांका. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने 'एबल, बेकर, चार्ली, डॉग' आणला. त्यात 'आर'ला शब्द होता 'रॉजर', आणि 'आर' म्हणजे 'रिसीव्ह्ड', निरोप मिळाला. सिनेमातला पायलट 'रॉजर' म्हणतो तो कुणा रॉजरला हाक मारत नसतो, 'ऐकलं बुवा' एवढंच सांगत असतो.

हा तक्ता इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी उत्तम होता. अडचण आली ती युद्धानंतर, जेव्हा आकाशात सगळ्या देशांची प्रवासी विमानं उडायला लागली. 'हाऊ', 'आयटम', 'लव्ह', 'जिग' असले शब्द स्पॅनिश किंवा फ्रेंच पायलटच्या तोंडी बसेनात. तेव्हा आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे इकाओने, एक शहाणपणाची गोष्ट केली. माँट्रियल विद्यापीठातले भाषाशास्त्राचे प्राध्यापक जाँ-पॉल विने यांच्याकडे काम सोपवलं. इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश या तिन्ही भाषांच्या लोकांना सहज म्हणता येतील असे शब्द शोधायचे होते. 1 नोव्हेंबर 1951 पासून नवा तक्ता लागू झाला. त्यात सी म्हणजे 'कोका', एम म्हणजे 'मेट्रो', एन म्हणजे 'नेक्टर', यू म्हणजे 'युनियन' आणि एक्स म्हणजे 'एक्स्ट्रा'.

आणि तो फसला. 'नेक्टर' आणि 'व्हिक्टर' यांत गोंधळ, 'डेल्टा' आणि 'एक्स्ट्रा' यांत गोंधळ. बरेच पायलट गुपचूप जुन्या 'एबल-बेकर'कडे परतले.

आता आपल्याकडे असं झालं असतं तर? परिपत्रक निघालं असतं की सर्व संबंधितांनी नवीन तक्ताच वापरावा, अन्यथा कारवाई करण्यात येईल. त्यांनी पुन्हा चाचण्या घेतल्या. 31 देशांच्या माणसांना शब्द ऐकवले, त्यांच्याकडून म्हणवून घेतले, कुठला शब्द कशात मिसळतो ते मोजलं. 26 पैकी पाच शब्द बदलले: चार्ली, माईक, नोव्हेंबर, युनिफॉर्म, एक्स-रे. 1 मार्च 1956 पासून जो तक्ता अंमलात आला तोच आजही जगभर चालतो. अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा. लोक त्याला नाटोचा तक्ता म्हणतात. नाटोनेही तो घेतला हे खरं, पण मूळ काम नागरी विमानवाल्यांचं.

त्यातल्या बारकाव्यांनी मी थक्क झालो. गोल्फ आणि माईक सोडले तर एकही शब्द एका झटक्यात संपत नाही. अर्धा शब्द खरखरीत गेला तरी उरलेला कळतो. रोमन लिपीत 'अल्फा' लिहिताना मुद्दाम 'पीएच'ऐवजी 'एफ' घातला, कारण काही भाषांच्या लोकांना 'पीएच'चा 'फ' होतो हे माहीत नसतं. 'ज्युलिएट'च्या शेवटी दोन 'टी' लावले, कारण फ्रेंच माणूस शेवटचा एकटा 'टी' उच्चारत नाही. म्हणजे स्पेलिंगच्या शुद्धतेपेक्षा समोरच्याच्या जिभेचा विचार आधी केला. चाचण्यांत असंही दिसलं की 'फुटबॉल' हा शब्द एकटा असेल तर 'फॉक्सट्रॉट'पेक्षा जास्त चांगला कळतो, पण सलग अक्षरांच्या ओळीत 'फॉक्सट्रॉट' सरस ठरतो. मग त्यांनी तोच ठेवला.

या तक्त्यात देशाचं नाव एकच आहे. आय म्हणजे इंडिया. एखादा ब्राझीलचा पायलट पेरूच्या कंट्रोल टॉवरशी बोलताना आपल्या देशाचं नाव घेतो, आणि आपण बँकेत फोन करून म्हणतो, 'आय हो, आय! आइस्क्रीममधला!'

आपल्या विमानांच्या नोंदणीची सुरुवात व्हीटीने होते. मुंबईकराला व्हीटी म्हटलं की अजूनही स्टेशन आठवतं, पण टॉवरमध्ये ते 'व्हिक्टर टँगो' असतं. जे. आर. डी. टाटांनी 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून जुहूला आणलेलं ते छोटं पस मॉथ विमान होतं व्हीटी-एडीएन. आजच्या भाषेत 'व्हिक्टर टँगो अल्फा डेल्टा नोव्हेंबर'. आपल्या नौदलाची पहिली पाणबुडी आयएनएस कलवरी 1967 मध्ये दाखल झाली, ती रशियन बनावटीची, आणि तिच्या वर्गाला नाटोने दिलेलं नाव होतं 'फॉक्सट्रॉट'. म्हणजे हा तक्ता आपल्या वैमानिकांना, नौसैनिकांना, जवानांना तोंडपाठ आहे. तो माहीत नाही तो फक्त तुम्हाआम्हाला.

इथवर गोष्ट हुशारीची होती. आता एक जरा कडू गोष्ट.

जर्मनीत टेलिफोनसाठी अक्षरांचा तक्ता फार लवकर आला. 1890 च्या बर्लिनच्या टेलिफोन डिरेक्टरीत अक्षरांना आकडे दिले होते. ते कुणाच्या लक्षात राहीनात, म्हणून 1903 मध्ये माणसांची नावं आली. ए म्हणजे अल्बर्ट, बी म्हणजे बेर्टा. त्यात डी म्हणजे डेव्हिड, एन म्हणजे नाथान, एस म्हणजे सॅम्युएल, झेड म्हणजे झकारियास. रोजची, शेजारपाजारची नावं. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

30 जानेवारी 1933 रोजी हिटलर चॅन्सेलर झाला. पुढच्या दोन महिन्यांच्या आत, मार्चमध्ये, रॉस्टॉक शहरातल्या एका नागरिकाने पोस्ट खात्याला लिहून विचारलं की देशात आता एवढा बदल झालेला असताना फोनच्या तक्त्यात ही ज्यू नावं कशी काय चालतात? लक्षात घ्या, वरून आदेश आला नव्हता. एका साध्या माणसाने स्वतःहून कागद-पेन घेतलं होतं. पोस्ट खात्याने ते मनावर घेतलं. 1934 च्या नव्या तक्त्यात डेव्हिडची डोरा झाली, सॅम्युएलचा सीगफ्रीड झाला, झकारियासचं झेपेलिन झालं. नाथानच्या जागी आला 'नॉर्डपोल', म्हणजे उत्तर ध्रुव. माणूस काढला आणि तिथे बर्फ ठेवला.

आधी नावं गेली ती टेलिफोनच्या तक्त्यातून. ज्यांची नावं होती ती माणसं त्यानंतर कुठे गेली, हे आपल्याला माहीत आहे.

युद्धानंतर सॅम्युएल आणि झकारियास परत आले, पण डोरा आणि नॉर्डपोल तसेच राहिले. पुढच्या पिढ्यांतले सज्जन, लोकशाहीवादी जर्मन लोक आपलं नाव सांगताना सहज 'एन, नॉर्डपोल' म्हणत राहिले, त्यामागे काय आहे याची कल्पनाही नसताना. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात ज्यूद्वेषाविरुद्ध काम करणारे आयुक्त मिखाएल ब्लूमे यांनी हा विषय लावून धरला. अखेर 2022 मध्ये जर्मनीच्या मानक संस्थेने कार्यालयीन वापरासाठी नवा तक्ता काढला, शहरांच्या नावांचा. ए म्हणजे आखेन, बी म्हणजे बर्लिन, एन म्हणजे न्युर्नबर्ग. नावं बदलायला काही महिने लागले होते. तो डाग पुसायला 88 वर्षं लागली.

हे वाचल्यावर मला आईचा स्टॅम्पपेपर आठवला. तुलना करत नाहीये, कृपया तसं वाचू नका. तिथे द्वेष होता, इथे नुसता निष्काळजीपणा. पण एक गोष्ट दोन्हीकडे दिसते. नाव कसं उच्चारायचं, कसं नोंदवायचं, हे कुणीतरी टेबलापलीकडे ठरवतं, आणि ते निस्तरतो मात्र ज्याचं नाव आहे तो.

आता आपल्याकडे या. गंमत म्हणजे अक्षराला शब्द जोडायची पद्धत आपण प्रत्येक जण पहिलीत शिकलोय. क कमळातला, ब बदकातला, म मगरीतला, ण बाणातला, ळ बाळातला. पोटफोड्या ष तर आपल्या बाईंनी बोटाने हवेत काढून दाखवलेला. आपली वर्णमाला आवाज तोंडात कुठे तयार होतो त्या क्रमाने लावलेली, शेकडो वर्षांपूर्वीच्या विचारातून आलेली. तरी ब-भ, द-ध, न-म हे फोनवर आपल्यालाही फसवतात, आणि तेव्हा 'मगरीतला म' कामी येतो.

पण आपलं नाव सरकारी कॉम्प्युटरमध्ये जुळवलं जातं ते बहुतेक ठिकाणी रोमन अक्षरांत. तिथे 'ळ'ला अक्षरच नाही. काळे आणि काले यांचं स्पेलिंग एकच. आणि ज्ञानेश्वर लिहायचा तर सुरुवात 'डी'ने! मराठी नसलेल्या माणसाला फोनवर 'डी फॉर ज्ञानेश्वर' सांगून बघा, तो फोन ठेवून देईल.

रोमन अक्षरांसाठी आपण जो तो आपला तक्ता बनवतो. डी फॉर दिल्ली, एन फॉर नागपूर, पी फॉर पुणे. बॉम्बेची मुंबई होऊन तीन दशकं होत आली, पण फोनवर बी फॉर बॉम्बे अजून जिवंत आहे, आणि एम फॉर मद्रासही. चालतं का? बरेचदा चालतं. पण एक जण 'जी फॉर गणपती' म्हणतो, दुसरा 'जे फॉर जिलेबी' म्हणतो, तिसऱ्याला ऐनवेळी 'व्ही'ला काही सुचतच नाही आणि तो 'व्ही फॉर... व्ही हो' म्हणून मोकळा होतो. मी तेच केलं होतं. 'बी, बी!' असं नुसतं ओरडलो होतो. ओरडल्याने 'बी'चा आवाज वाढतो, 'पी'पासूनचं अंतर वाढत नाही.

माझं म्हणणं काय? तीन साध्या गोष्टी.

पहिली, हा 26 शब्दांचा तक्ता शाळेत शिकवा. एका तासाचं काम आहे. मुलांना खेळ वाटेल. 'ब्राव्हो एको डेल्टा एको किलो अल्फा रोमिओ' माझी पुतणी दोन दिवसांत शिकली आणि आता घरात सगळ्यांना तसंच हाक मारते.

दुसरी, नुसता तक्ता पुरत नाही. विमानात पायलट टॉवरची सूचना ऐकतो आणि महत्त्वाचा भाग परत म्हणून दाखवतो. टॉवरने तो ऐकून घ्यायचा, चुकला तर तिथल्या तिथे दुरुस्त करायचा. याला रीडबॅक म्हणतात. खरं संरक्षण ते आहे. त्या मुलाने तेव्हा फक्त 'ओके सर, पी' न म्हणता 'पी फॉर पुणे ना?' एवढं विचारलं असतं, तर मी तिथेच ओरडलो असतो. चूक दहा सेकंदांत सुटली असती. हेल्पलाइन सरकारी असो की खाजगी, नाव-पत्ता-खातं नोंदवताना शब्दांसह परत म्हणून दाखवणं सक्तीचं करा. त्या मुलाला दर तासाला किती फोन उरकायचे असतील याची मला कल्पना आहे, म्हणून दोष त्याला देत नाही. नियम असला तर त्यालाच आधार मिळेल.

तिसरी, मराठी माणसाची तक्रार मराठीत नोंदवताना देवनागरी नावही त्याच नोंदीत ठेवा आणि जुळणीच्या वेळी ते बघा. आधार कार्डावर नाव दोन्ही लिप्यांत छापलेलं असतंच. समोर 'बेडेकर' स्पष्ट दिसत असताना माणसाला पेडेकर ठरवून प्रतिज्ञापत्र मागायचं, याला व्यवस्था म्हणत नाहीत.

हे अशक्य नाही, कारण जिथे चूक परवडत नाही तिथे आपणही काळजी घेतोच. गाड्यांच्या नंबरप्लेटच्या मालिकेत 'आय' आणि 'ओ' ही अक्षरं वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. आयएफएससी कोडमधलं पाचवं चिन्ह नेहमी शून्यच असतं, 'ओ' नाही (हे लक्षात ठेवा, उपयोगी पडेल). म्हणजे गाडी आणि बँकेची शाखा ओळखताना गोंधळ होऊ नये याचा विचार कुणीतरी केला. माणसाच्या नावासाठी तेवढाच करा, एवढंच मागणं आहे.

आईची पेन्शन पाच महिन्यांनी सुरू झाली, थकबाकीसकट. त्या दिवशी तिने पेढे आणायला सांगितले. दुकानात मी अर्धा किलो सांगितले आणि घरी येऊन पुडा तिच्यापुढे ठेवला. तिने एक पेढा उचलला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, 'घ्या पेडेकर.'

आम्ही दोघं खूप दिवसांनी हसलो. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच.

तुमच्या नावाचं असं काही झालं असेल तर जरूर लिहा. आणि पुढच्या वेळी फोनवर कुणी स्पेलिंग विचारलं तर ओरडू नका. ब्राव्हो म्हणा.